सगळ्या पोरांनी ‘नेहमी’वर टिक केली, आता काय समजायचं?

पत्र असं आहे:

“ताई, मी देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहे. मूळची लातूरकडची, इथे येऊन तीन वर्षं झाली. शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत, मिळून १७ मुलं. मुलांना आपला वर्ग कसा वाटतो हे एकदा नीट मोजावं असं मनात होतं म्हणून नेटवरून एक इंग्रजी प्रश्नावली काढून मराठी केली, ३० वाक्यं, प्रत्येकापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच पर्याय. १५ मुलांनी वरपासून खालपर्यंत ‘नेहमी’वर टिक केली. ‘मला वर्गात भीती वाटते’ यालाही नेहमी आणि ‘मला वर्गात भीती वाटत नाही’ यालाही नेहमी! एक मुलगी आहे, आंब्याच्या बागेतल्या राखणदाराची, कुटुंब नेपाळचं, तिने कोरा कागद दिला. आणि एक मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता, तो तसाही आठवड्यातून दोन दिवस नसतोच. मुख्याध्यापक म्हणतात रिझल्ट मस्त आलाय, ग्राफ काढून फाइलला लावा. मला पटत नाहीये. मुलं खोटं बोलली का? इतक्या लहान मुलांना असं विचारून काही कळतं तरी का? – एक शिक्षिका”

बाई, पहिलं सांगते, ग्राफ काढू नका. आणि मुलं खोटं बोललेली नाहीत. तुम्ही कागद दिलात, कागद शाळेतला, वर नाव लिहायला जागा, तुम्ही समोर उभ्या, मग त्यांच्यासाठी ती परीक्षाच झाली ना. परीक्षेत बाईंना जे हवं ते लिहायचं असतं हे पोरांना पहिलीपासून माहीत असतं. त्यांनी तुम्हाला सगळ्यात चांगलं उत्तर दिलं, शेवटच्या रकान्यातलं. म्हणजे तुम्हाला खूश करावंसं त्यांना वाटलं, ही माहिती पण काही वाईट नाही, पण वर्ग त्यांना कसा वाटतो ते यातून कळत नाही एवढंच.

मी स्वतः ३१ वर्षं प्राथमिकला होते, बहुतेक सगळी सिंधुदुर्गात आणि काही रत्नागिरीत, म्हणून तुमचा प्रश्न वाचून लगेच उत्तर लिहायला बसले. आणि हो, लहान मुलांना विचारून कळतं. नुसतं कळतं असं नाही, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारून ते कळतच नाही. तपासणीला साहेब येतात तेव्हा काय होतं आठवा, वर्ग झाडलेला, तक्ते लावलेले, पोरं गणवेशात, तास झकास होतो. साहेबांनी बघितला तो एक तास. मुलं तिथे वर्षाचे २०० दिवस बसतात (शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तेवढे दिवस धरलेलेच आहेत), जून महिन्यातला चिखल, गळणारं कौल, बाईंचं डोकं दुखत असतानाचा गणिताचा तास, सगळं त्यांनी बघितलेलं असतं.

हे फक्त माझं म्हणणं नाही. हेन्री मरे नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९३८ मध्येच हा फरक मांडला होता की परिस्थिती बाहेरून बघणाऱ्याला दिसते ती वेगळी आणि त्यात राहणाऱ्याला भासते ती वेगळी, आणि माणूस वागतो तो त्याला भासणाऱ्या परिस्थितीप्रमाणे. पुढे १९६० च्या दशकाच्या शेवटी हार्वर्डमध्ये हायस्कूलसाठी फिजिक्सचा नवा अभ्यासक्रम तयार होत होता, तो कसा चाललाय हे तपासताना हर्बर्ट वॉलबर्ग यांनी विद्यार्थ्यांनाच वर्गाबद्दल विचारायची प्रश्नावली केली. ती मोठ्या मुलांची. मग ऑस्ट्रेलियात बॅरी फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच सोपी करून साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ‘माय क्लास इन्व्हेंटरी’ बनवली. म्हणजे अगदी तुमच्या तिसरी ते पाचवीच्या वयाची पोरं. त्यांनी काय काय बदललं ते बघण्यासारखं आहे, कारण तुमची अडचण नेमकी तिथेच आहे. प्रश्न कमी केले, छोट्या फॉर्ममध्ये २५ च. वाक्यं सोपी केली. चार पर्याय काढून टाकले आणि फक्त हो किंवा नाही ठेवलं. आणि उत्तर वेगळ्या कागदावर न लिहिता वाक्याच्या शेजारीच खूण करायची, कारण या वयाची मुलं एका कागदावर वाचून दुसऱ्यावर लिहिताना ओळ चुकतात. तुमची प्रश्नावली कुठली होती माहीत नाही पण ३० वाक्यं आणि पाच रकाने म्हणजे ती मोठ्या मुलांची असणार असं मला वाटतं. ‘बऱ्याचदा’ आणि ‘कधी कधी’ यातला फरक आपल्यालाच कुठे धड सांगता येतो.

त्या प्रश्नावलीत पाच गोष्टी विचारतात. मुलांना वर्गात बरं वाटतं का, आपसात भांडणं किती, चढाओढ किती, अभ्यास कठीण वाटतो का, आणि मुलं एकमेकांना धरून आहेत का. ही पाच नावं मला फार उपयोगी वाटतात, तुम्ही तेवढीच घ्या. पण वाक्यं भाषांतर करू नका हो! ती तुमच्या वर्गातूनच काढायला लागतील, नाहीतर काय होतं ते सांगते.

चढाओढीसाठी तुम्ही ‘आमच्या वर्गात स्पर्धा असते’ असं लिहिलंत तर सगळी पोरं हो म्हणणार, कारण हस्ताक्षर स्पर्धा असते, वक्तृत्व स्पर्धा असते, रांगोळी असते, आणि त्यात बक्षीस मिळतं म्हणून ती चांगली गोष्ट. तुम्हाला विचारायचं होतं की दुसऱ्याला जास्त मार्क पडले की पोटात दुखतं का. मग तसंच विचारा, ‘दुसऱ्याला बाईंनी शाबासकी दिली की काही मुलांना राग येतो’. ‘वर्गातले सगळे माझे मित्र आहेत’ यावर मुलगी अडखळते, कारण तिच्या मैत्रिणी आहेत, मित्र नाहीत, आणि चौथीतली मुलगी मुलांना मित्र म्हणायला लाजते. तिने नाही वर खूण केली की आपण समजणार एकटी पडलीये.

आणि ‘वर्ग’ हा शब्द! तुमच्याकडे तीन इयत्ता एका खोलीत. ‘माझा वर्ग’ म्हटल्यावर पाचवीच्या पोराच्या डोळ्यापुढे त्याच्या इयत्तेतली चार-पाच पोरं येतात की सगळी १७ की ती खोली? प्रत्येकाने वेगळं धरलं तर तुम्ही १७ वेगळ्या वर्गांचं मोजमाप करताय. मी तर सरळ ‘आपल्या खोलीत बसणारी सगळी मुलं’ असं म्हणेन आणि सुरुवातीला हाताने दाखवेन, हे सगळे.

आता तुमचं ते भीतीचं वाक्य. ‘मला वर्गात भीती वाटत नाही’, पुढे हो किंवा नाही. मराठीत याचं उत्तर दोन्ही तऱ्हेने देतात. एक पोर म्हणेल ‘हो, नाही वाटत’, दुसरं म्हणेल ‘नाही, नाही वाटत’. दोघांनाही भीती वाटत नाही आणि कागदावर मात्र दोघं उलट. म्हणून नकार असलेलं वाक्यच नको. तसंच एका वाक्यात दोन गोष्टी नकोत, ‘बाई प्रेमाने शिकवतात आणि सगळ्यांना मदत करतात’, बाई प्रेमळ आहेत पण मदत फक्त पुढच्या बाकावरच्यांना मिळते असं ज्या पोराला वाटतं त्याने काय करायचं. काही वाक्यं सुखाची आणि काही त्रासाची अशी मिसळून ठेवा, म्हणजे जो सगळ्याला हो करत सुटलाय तो लगेच दिसतो. तुम्ही भीतीची दोन वाक्यं घातली होतीत म्हणून तर तुम्हाला शंका आली, ते तुम्ही चांगलं केलंत.

भाषेचं थोडं नाजूक आहे पण बोलते. तुम्ही लातूरकडच्या, पोरं मालवणी बोलणारी. तीन वर्षांत तुम्हाला कळायला लागली असेल, बोलता येत असेल थोडी. पण पुस्तकी मराठीत विचारलं की पोरं पुस्तकी उत्तर देतात. ‘तुला खेळात सामावून घेतात का’ म्हटलं तर होय बाई. तेच कोणी ‘तुका खेळाक घेतत?’ असं विचारलं तर पोर जरा थांबतं, खाली बघतं, आणि मग खरं काय ते बोलतं, ‘कधी कधी घेतत, दांडगे असले की नाय घेणत’. हे मी किती वेळा बघितलंय. तुमच्याच पाचवीतल्या दोन पोरांना घेऊन बसा, वाक्यं वाचून दाखवा आणि विचारा, ह्याचा अर्थ काय रे, तुमच्या घरी कसं म्हणाल. ती हसतील, तुमचे उच्चार सुधारतील, आणि वाक्यं तयार होतील. त्यात तुमच्या शाळेतल्या गोष्टी आणा. ‘खिचडीच्या रांगेत ढकलाढकली होते’. ‘पाऊस पडला की माझ्या जागेवर गळतं’. ‘झाडलोट करायची पाळी सगळ्यांवर येते’ (मुलींवरच येते का हे कळतं यातून, आणि बहुतेक येत असते). ‘कळलं नाही तर बाईंना परत विचारायला भीती वाटते’. अशी १२-१५ वाक्यं पुष्कळ झाली.

आता कोण विचारणार. तुम्ही नको. मुख्याध्यापकही नको. केंद्रातल्या शेजारच्या शाळेतल्या कोणी बाई असतील, मालवणी बोलणाऱ्या, तर त्यांना एका दुपारी बोलवा आणि बदल्यात त्यांच्या वर्गात तुम्ही जा, शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, भेट होतेच तेव्हा ठरवून टाका. अंगणवाडीच्या ताई पोरांना ओळखीच्या असतात खऱ्या, पण त्या त्याच वाडीतल्या, कोणाची तरी काकी नाहीतर मावशी, आणि गावात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही, पोरांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. प्रत्येक वाक्य मोठ्याने दोनदा वाचायचं, तिसरीच्या पोराचं वाचन कच्चं असेल तर त्याची शिक्षा त्याच्या उत्तराला नको. सुरुवातीला सांगायचं की ह्याला मार्क नाहीत, बरोबर-चूक नाही, बाई तुमचं नाव बघणार नाहीत. आणि मग खरंच बघायचं नाही. सतरा पोरांत अक्षरावरून नाव कळतं म्हणून लिहायला काहीच ठेवू नका, फक्त गोल रंगवायचा, सगळ्यांना सारख्याच पेन्सिली.

त्याहून सोपी एक रीत मी वापरायचे. प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक शिंपली. दारामागे दोन कापडी पिशव्या, एक मोजायची आणि एक टाकायची. वाक्य ऐकायचं, एकेकाने जायचं, हो असेल तर चिंचोका मोजायच्या पिशवीत, नाही असेल तर शिंपली, उरलेलं दुसऱ्या पिशवीत. मूठ बंद, बाहेर कोणाला काही दिसत नाही. पोरांना मजा येते आणि न वाचणारंही पोर यात बरोबरीने असतं. पण यात एक उणं आहे ते ध्यानात ठेवा, वर्गात कितीजण हो म्हणाले ते कळतं पण कुठल्या एका पोराने काय काय म्हटलं ते जुळवता येत नाही. ज्याला खेळात घेत नाहीत तोच खिचडीच्या रांगेत ढकलला जातो का आणि त्यालाच विचारायला भीती वाटते का, हे कागदावरच कळतं. मी म्हणेन आधी चिंचोके, पोरांना सवय होऊ दे की नाही म्हटलं तरी चालतं, आणि महिन्याभराने कागद.

दिवस पण बघून निवडा. गणपतीची सुट्टी संपून चाकरमानी गेले की पोरं आठवडाभर उदास असतात, तेव्हा नको. शिमग्याच्या तोंडावर तर नकोच. जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोटात भूक असते, सगळंच वाईट वाटतं, आणि मोठ्या पावसात निम्मी पोरं येत नाहीत. शिवाय वाक्य वाचताना काळ सांगा, ‘दिवाळीची सुट्टी संपल्यापासून’, नाहीतर पोर काल झालेलं भांडण मनात ठेवून उत्तर देतं.

त्या न आलेल्या मुलाचं सांगते. त्याला वगळून काढलेला आकडा हा, जे येतात त्यांना वर्ग कसा वाटतो याचा आकडा आहे. जो येत नाही त्याला वर्ग कसा वाटतो हे तर सगळ्यात आधी कळायला हवं ना. तो का येत नाही मला माहीत नाही, किनाऱ्यावरचं पोर असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ती बंदी उठली की काही घरांत पहाटेपासून हात लागतात, किंवा घरी कोणी आजारी असेल, किंवा शाळेतच काहीतरी खुपत असेल. तो येईल त्या दिवशी त्याला वेगळा कागद द्या, आणि तोपर्यंत सतरावी जागा रिकामी आहे असं लिहून ठेवा, सोळाचा हिशोब सतराचा म्हणून मांडू नका.

आणि ती मुलगी. तिचा कोरा कागद तुम्ही ‘उत्तर नाही’ म्हणून बाजूला ठेवला असेल. मी नसता ठेवला. माय क्लास इन्व्हेंटरीत हो ला ३ मार्क, नाही ला १, आणि सोडलेल्या वाक्याला मधला २ धरतात, हिशोबासाठी ते ठीक आहे. पण सगळ्या ३० वाक्यांना रिकामं ठेवणारी एकच मुलगी तुमच्यासमोर आहे, तिचा २ धरून काय कळणार. आपल्याकडे देवगड, रत्नागिरी भागात हापूसच्या बागा राखायला नेपाळची कुटुंबं दिवाळीच्या आसपास येतात आणि हंगाम संपला की मे-जूनमध्ये निघतात, त्यांची पोरं अर्ध्या वर्षात वर्गात येऊन बसतात. घरी नेपाळी, वाडीत मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी, ही पोर तीन भाषा पार करून तुमच्या वाक्यापर्यंत पोचणार. तिला कागद देऊच नका. देवनागरी तिला कदाचित ओळखीची असेल, नेपाळी त्याच लिपीत लिहितात, पण वाचता आलं म्हणजे समजलं असं नाही. तिला चित्र काढायला सांगा. खरं तर सगळ्यांनाच सांगा, ‘तू बसतोस तिथून तुला खोली कशी दिसते ते काढ’.

मी हे कसं शिकले ते सांगते. माझ्याकडे चौथीत एक मुलगा होता, सतत तिरका बसायचा, फळ्याकडे पाठ अर्धी, मी त्याला किती वेळा ओरडले असेन, लक्ष नसतं तुझं म्हणून प्रगतीपुस्तकात पण लिहिलं. विचारलं तर म्हणायचा ‘काय नाय बाईनू’. श्रावणात एकदा चित्र काढायला दिलं तर त्याने वरून पडणारी धार काढली होती, खाली पत्र्याचा डबा, आणि डब्याच्या बाजूला स्वतःला, तिरका. कौल फुटलं होतं. डबा मीच ठेवला होता जूनमध्ये! दोन महिने ते पोर अंगावर शिंतोडे नको म्हणून तिरकं बसत होतं आणि मला सांगायची त्याला हिंमत झाली नव्हती, कारण डबा बाईंनी ठेवलाय म्हणजे बाईंना माहीत आहे असं त्याला वाटत होतं. बाक दोन हात सरकवला, संपलं. त्या दिवसापासून पोरांना विचारणं मी कधी सोडलं नाही.

बरं, आता आकडे आल्यावर काय. टक्के काढू नका, १७ पोरांत एक पोर इकडचं तिकडे झालं की जवळजवळ ६ टक्क्यांचा फरक पडतो, त्याला काही अर्थ नाही. सरासरी पण जपून. समजा ‘मला खेळायला घेतात’ याला १४ हो आणि ३ नाही आले, तर सरासरी ३ पैकी २.६५ येते, ऐकायला उत्तम, फाइलला लावण्यासारखी. पण तुमच्या कामाचे ते ३ आहेत. वर्गाचं वातावरण सगळ्यांना मिळून एकच असतं असं आपण धरून चालतो, पण चौदा जणांना तो वर्ग आहे आणि तिघांना ती नुसती बसायची जागा आहे, असं असू शकतं. म्हणून १४–३ असंच लिहा.

आणि पाचही गोष्टींची बेरीज करून एक आकडा तर मुळीच काढू नका. भांडण जास्त असणं आणि बरं वाटणं जास्त असणं ह्या उलट दिशेच्या गोष्टी, त्या एकात घातल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. अभ्यास कठीण वाटतो हे तर वाईटच असतं असंही नाही. त्यासाठी या प्रश्नावल्यांचा एक दुसरा भाग असतो तो मला सगळ्यात आवडतो. तीच वाक्यं वेगळ्या दिवशी परत विचारायची, पण या वेळी ‘आहे’ असं नाही तर ‘तुला वर्ग कसा हवा’ असं. मग दोन्ही शेजारी ठेवायचे. १२ पोरं म्हणाली गणितं कठीण असतात आणि १२ च म्हणाली कठीण असलेली आवडतील, तर तिथे काही करू नका, मजेत आहेत ती. पण विचारायला भीती वाटते असं ९ म्हणाली आणि तसा वर्ग हवा असं एकही म्हणालं नाही, तर काम तिथे आहे. जिथे ‘आहे’ आणि ‘हवा’ यात सगळ्यात मोठी दरी दिसेल ती एकच गोष्ट उचला, एकच, दहा नको.

काही गोष्टी विचारू नका. ‘तुला कोणाशेजारी बसायला आवडत नाही’ हे कधीच नको. कोणाला कोण हवंसं वाटतं याचा नकाशा काढायची पद्धत जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये मांडली, ती चांगली आहे, पण त्यातलं ‘कोणाबरोबर खेळायला आवडतं’ एवढंच घ्या. नावडत्याचं नाव लिहायला लावलं की मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांना विचारतातच, तू कोणाचं लिहिलंस, आणि मग जे पोर एकटं होतं ते सगळ्यांसमोर एकटं पडतं.

एक गोष्ट आधीच मनात ठरवून ठेवा. अशी दारं उघडली की कधी कधी त्यातून मोठं काहीतरी बाहेर येतं, घरी मारतात, कोणीतरी नको तिथे हात लावतो. तिथे गुपित ठेवायचं वचन चालत नाही. असं काही निघालं तर पोराला परत परत विचारत बसू नका, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असेल तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणून ‘कोणालाच सांगणार नाही’ असं न म्हणता ‘तुला कोणी त्रास देत असेल तर तो थांबवायला लागेल तेवढ्यांनाच सांगू’ असं म्हणा.

मुख्याध्यापकांचं बोलते. ते वाईट म्हणून असं म्हणत नाहीत, त्यांना वर कागद द्यायला लागतात आणि चांगला आकडा दिसला की जीव भांड्यात पडतो. त्यांना सांगा, हा पहिला प्रयत्न तयारीचा होता, प्रश्नावली मुलांना जमली नाही, सुधारून परत घेते. हे खरंच आहे. आणि खोटा चांगला आकडा एकदा फाइलला लागला की पुढच्या वेळचा खरा आकडा घसरण दिसतो, हेही सांगा, ते त्यांना लगेच पटेल. पोरांचे कागद मात्र कोणाला देऊ नका, तुमच्या कपाटात.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं नाही पण मला ओळींच्या मधून वाटलं की खरा निकाल आला आणि तो तुमच्याबद्दलच असला तर, ही धास्ती आहे. असेल. माझ्याही बाबतीत होता. त्या डब्याच्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नव्हतं. पण बाई, तुम्हाला आलेला निकाल उत्तम होता आणि तुम्ही तो नाकारून पत्र लिहिलंत, असं करणाऱ्या बाईंना पोरं फार वाईट काही सांगणार नाहीत, आणि सांगितलंच तर ते दुरुस्त करता येण्यासारखं असेल, बाक सरकवण्यासारखं.

मग बदल केला की पोरांना सांगा, ‘तुमच्यातल्या नऊ जणांनी सांगितलं की विचारायला भीती वाटते, म्हणून आजपासून एक डबा ठेवलाय, कळलं नाही तर पानाचा नंबर लिहून चिठ्ठी टाका, नाव नको’. हे सांगणं विसरू नका, यावरच पुढचं सगळं आहे. आपण बोललो आणि काहीतरी हललं हे पोरांनी एकदा बघितलं की पुढच्या वेळी ती शेवटच्या रकान्यात टिक करत बसत नाहीत. सहा-आठ आठवडे जाऊ देत आणि तीच वाक्यं परत विचारा, शब्द न बदलता, त्याच शेजारच्या बाईंना बोलवून. आंब्याला मोहोर येऊन कणी धरायला लागेल तोवर तुमचं दुसरं मोजमाप होईल, आणि ती मुलगी तेव्हा इथेच असेल.

चिंचोके घरात नसतील तर बाजारात शोधत फिरू नका, पोरांना सांगा, दुसऱ्या दिवशी पिशवीभर आणतील. शिंपल्या फक्त एका मापाच्या निवडा, नाहीतर मुठीत कळतात.